पांढऱ्या घुबडांचे मामा

बर्फावरच्या हॉकीसाठी दाढी वाढवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमची पत्रिका जुळवताना गुरुजींनी गुण किती, मंगळ कुठे, गुरू कोणत्या घरात, सगळं बोटांवर मोजून सांगितलं होतं. मामांबद्दल मात्र एक अक्षर काढलं नव्हतं. आपल्याकडे बर्फ म्हटलं की माणसाला रसवंतीवाल्याची पोत्यात गुंडाळलेली लादी आठवते. तसल्या लादीवर माणसं पायात पाती बांधून उभी राहतात, हातात काठ्या घेऊन एका रबरी चकतीमागे धावतात, आणि त्यासाठी त्यांना पगार मिळतो, हे मामांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाहेर ऊन असं होतं की मी एवढंच विचारू शकलो, “वितळत नाही का?” मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते फक्त गिऱ्हाईकाने परत आणलेल्या बियाण्याच्या पिशवीकडे पाहतात.

मामा मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. तिकडची जमीन धाकटा भाऊ कसतो आणि मामा परतूरला बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. मी परतूरहून रोज रेल्वेने जालन्याला नोकरीला जातो आणि मामांचं घर स्टेशनच्या वाटेवर पडतं; म्हणजे पडतं असं मी बायकोला सांगतो, खरं तर त्यांच्या चहासाठी वाट चांगलीच वाकडी करावी लागते. कुठलीही गोष्ट बेताने करणं मामांना अपमानासारखं वाटतं. एकदा डॉक्टरांनी थोडं चालत जा म्हणून सांगितलं, तर हे दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघाले ते थेट पुढच्या गावातल्या व्याह्यांकडे जेवायलाच पोचले, आणि परत यायला व्याह्यांना मोटारसायकल काढावी लागली. फोनवर त्यांचा आवाज अंतराच्या हिशेबाने चढतो. अंबडला बोलायचं तर साधा, पुण्याला बोलायचं तर चढा, आणि कॅनडातल्या लेकीशी बोलायचं म्हटलं की उभं राहून, कमरेवर हात ठेवून असं बोलणार, की यांनी मधे फोन कशाला घेतलाय असा शेजाऱ्यांना प्रश्न पडावा.

ही लेक म्हणजे बबी. चाळिशीला आलेली, मोठ्या हुद्द्यावरची इंजिनियर, पण परतुरात बबीच. शिकायला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. एकटीच असते. लग्नाचा विषय तिने तिच्या बाजूने आणि मामांनी त्यांच्या बाजूने केव्हाच बंद करून टाकलाय. पूर्वी दर रविवारी तिचा फोन यायचा. मामा सगळ्यात आधी झडप घालून तो उचलायचे आणि गर्जना करायचे, “बबे, बरी हायस ना? थंडी काय म्हनती? थांब, तुझ्या मायला देतो!” झालं. बापलेकीचं बोलणं संपलं. मग मामी तासभर बोलायच्या आणि मामा पेपर उलटा धरून ऐकायचे. फोन ठेवला की मामी सांगायच्या, बबीला सर्दी झाली होती, आता बरी आहे. बबीने घर बदललं, खिडकीतून डोंगर दिसतो. मामा म्हणायचे, “मला ठावं हाय.” विहिरीचं पाणी पाटाने शेतात जावं, तसं त्या दोघांचं एकमेकांशी असलेलं सगळं काही मामींमधून वाहायचं.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. पाट बुजला. पाणी दोन्हीकडे होतं, जायला वाट नव्हती. रविवारचा फोन यायचाच. “जेवलीस का?” “हो. तुम्ही?” “हो.” मग बराच वेळ ती इकडचा पंखा ऐकायची आणि हे तिकडची शांतता ऐकायचे. एका रविवारी मी समोरच बसलो होतो. मामांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि आपण गाईला पाणी दाखवायला म्हणून गेले. मामांकडे गाय नाही.

त्या वर्षी बबी त्यांना हिवाळाभर तिकडे घेऊन गेली. दिवसभर ती कामावर आणि मामा घरात, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत. संध्याकाळी ती आली की दोघं मिळून जे दिसेल ते टीव्हीवर पाहायचे, कारण टीव्ही चालू असला की बोलावं लागत नाही. तिथे त्यांना ही टीम भेटली. हिरवे अंगरखे आणि छातीवर पांढरं घुबड. त्या गावाची टीम, आणि गेली कित्येक वर्षं हरत आलेली. घुबड पाहून आपल्याकडचा माणूस आधी दार लावून घेईल; मामा मात्र म्हणाले, “लक्ष्मीचं वाहन हाय. जिंकंल कधीतरी.” एकदा बबीने त्यांना प्रत्यक्ष सामन्याला नेलं. मामांनी धोतरावर तिचे दोन स्वेटर आणि एक गादीएवढं जाकीट चढवलं होतं. फोटो आहे. त्या फोटोत मामा हसताहेत, आणि मामी गेल्यानंतरचा त्यांचा हसतानाचा तो पहिला फोटो आहे.

परतुरात आल्यावर पहिल्या रविवारी बबीचा फोन आला. “जेवलात का?” “हो.” मग नेहमीची शांतता, आणि मग बबी सहज म्हणाली, “बाबा, काल आपली टीम हरली.” मामा एकदम उसळले, “हरणारच की! त्यो गोलवाला झोपून राह्यलाय नुसता!” आणि काय सांगू, माणूस पंधरा-वीस मिनिटं बोलला. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला वाटलं, मामा कुणाच्या तरी नादान पोराबद्दल बोलताहेत.

तेव्हापासून ती व्यवस्था सुरू झाली. सामना तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सकाळी. बबी कामावरून येऊन टीव्ही लावायची, व्हिडिओ कॉल करायची आणि फोन एका डब्याला टेकवून टीव्हीकडे तोंड करून ठेवायची. इकडे मामा आपला फोन तांब्याला टेकवून समोर मांडी घालून बसायचे. आता फोनमधे टीव्ही, टीव्हीत मैदान आणि मैदानात ती चकती, म्हणजे आमच्यापर्यंत पोचेपर्यंत ती वाटेतल्या समुद्रातच बुडालेली असायची. आम्हाला दिसायचे हिरवे ठिपके आणि लाल ठिपके. ऐकू मात्र सगळं यायचं. बबीचं “मार, मार, अरे!”, तिचा चमचा, तिचं खोकणं, सोफ्यावर पाय वर घेतल्याचा आवाज. ती स्वतः कधीच दिसायची नाही, कारण फोनचं तोंड टीव्हीकडे.

मामांनी त्या खेळाला आपल्या गावची भाषा दिली. दांडगाई करणाऱ्या खेळाडूला काही मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात, तो ‘कोंडवाडा’. मधल्या सुट्टीत एक यंत्र येऊन बर्फ गुळगुळीत करून जातं, ते ‘सारवण’. खेळाडूंची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांची बारशी झाली. गोल राखणारा तो ‘पाटील’, कारण दारात बसतो आणि कुणाला आत येऊ देत नाही. सारखा कोंडवाड्यात जाणारा तो ‘साडू’. मामांचे सख्खे साडू भोकरदनला असतात. त्यांना हे अजून कळलेलं नाही. बबीही तिकडून ओरडायला लागली, “बाबा, साडू गेला आत!” आणि मामा इकडून, “जाऊ दे! त्याची तीच लायकी हाय!”

मी शिकला-सवरलेला जावई. मला हे ठिपके बघवेनात. मी एक दिवस म्हटलं, “मामा, मी तुम्हाला मोबाइलवर थेट सामना लावून देतो. चकती न् चकती दिसेल. बबीला कशाला त्रास?”

मामांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग फोनवर हात ठेवून, तिकडे ऐकू जाऊ नये अशा आवाजात (मामांना असा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं) म्हणाले, “जावईबापू, चकती बघायला कोन बसलंय हितं? तुम्ही चहा प्या.”

मी चहा प्यायलो. माझी गाडी चुकली ती वेगळीच.

तर हे असं होतं. आदल्या वर्षी ही घुबडं एप्रिलमधेच बाहेर पडली होती, मोसम संपला होता, आणि ऑक्टोबरपर्यंत रविवार पुन्हा “जेवलीस का”वर आला होता. म्हणून यंदा टीम जिंकायला लागली तेव्हा मामांच्या आनंदाला एक वेगळीच धार होती. शेवटच्या फेऱ्यांची रीत अशी की दोन टीम आपसात खेळतच राहायच्या, जी आधी चार सामने जिंकेल ती पुढे. म्हणजे जास्तीत जास्त सात सकाळी. आणि पुढे गेलं की पुन्हा सात. मामांना हा नियम बबीने समजावला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला आणि म्हणाले, “लई शहाने लोक हायेत.”

त्या फेऱ्यांमधे खेळाडू दाढी करत नाहीत, तिकडची प्रथाच आहे. मामांनीही सोडली. आता आपल्याकडे धड श्रावण नसताना, ऐन वैशाखात, रोज गुळगुळीत दाढी करणाऱ्या माणसाने खुंट वाढवले म्हणजे एकच अर्थ. बातमी पिंपळगावला पोचली. एका सकाळी सामना रंगात आलेला असताना मामांचे चुलतभाऊ टॉवेल-टोपी घेऊन दारात उभे. दुखवट्याला आले होते. डोळे पुसत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात तिकडे गोल झाला आणि मामा किंचाळले, “गेला रे गेला!”

चुलतभावांनी तोंडाला टॉवेल लावला. “कवा गेल्ता, दादा? आमाला कळवलं बी न्हाई.”

“आत्ता गेला की! पाटलाच्या पायातून गेला!”

“कोनते पाटील?”

समजूत पटायला अर्धा तास लागला. पण आणलेली टॉवेल-टोपी परत न्यायची नसते, अपशकुन होतो. मग ती कुणाला द्यायची यावर वाद झाला आणि शेवटी हरलेल्या टीमच्या नावाने ती मला देण्यात आली. टॉवेल चांगला आहे. मी वापरतो. चुलतभाऊ त्या दिवशी सामना संपेपर्यंत बसले आणि निघताना दबक्या आवाजात मला म्हणाले, “वहिनी गेल्यापसून दादाचं थोडं...” आणि मग फोनमधून बबीचं हसणं आलं तसे थांबले. म्हणाले, “न्हाई. बराबर हाय.”

आणि टीम अखेरच्या फेरीत गेली. तिकडे बबीच्या गावात लोक मोटारींना हिरवी निशाणं लावून फिरत होते, आणि इकडे मृग तोंडावर आलेला, बियाण्यासाठी दुकानापुढे रांग. घुबडांनी पहिले तीन सामने ओळीने जिंकले. आता एकच सामना, की चॅम्पियन. बबी आनंदाने वेडी झाली होती. चौथ्या सामन्याच्या सकाळी मी पेढे घेऊनच मामांकडे गेलो, तर मामा देवघरात. रेणुकामातेच्या टाकासमोर हात जोडून, डोळे मिटून उभे. मी आपला दाराशीच थांबलो. मामांनी देवीशी बोलतानाही आवाज पिंपळगावच्या अंतराचा लावला होता, त्यामुळे कान देण्याची गरज नव्हती.

“आई, आज हरव. जिंकायला लई दिवस पडलेत. आज हरवच.”

जगातल्या कुठल्याही टीमच्या भक्ताने असला नवस बोलला असेल असं मला वाटत नाही. पण मला त्यात चूकही दिसेना. जिंकले तर आज संपलं. हरले तर आणखी एक सकाळ. मी पेढ्यांचा पुडा पिशवीत ढकलला. घुबडं हरली. बबी म्हणाली, “असू दे, बाबा, अजून तीन चान्स आहेत.” मामा म्हणाले, “व्हय व्हय, जल्दी कायची हाय?” आणि चेहऱ्यावर समाधान असं, की जणू पाहुणे आणखी एक दिवस राहायला तयार झालेत.

पाचव्या सामन्यालाही देवीने ऐकलं. सहाव्याला मामा देवघरात गेले होते की नाही मी विचारलं नाही, पण घुबडं अशी हरली की साडू तीनदा कोंडवाड्यात गेला आणि पाटलाला उठवून दुसऱ्याच माणसाला दारात बसवावं लागलं. तीन-तीन. सामना संपला तेव्हा तिकडून आवाज आला नाही. टीव्हीवर लाल ठिपके नाचत होते. मग नाक ओढल्याचा आवाज आला. बबी रडत होती. हळू रडत होती, बाप ऐकतोय हे विसरून.

“बबे,” मामा म्हणाले.

“काही नाही, बाबा. वेडेपणा आहे. मला वाटलं होतं या वर्षी...” ती थांबली. “आई होती तेव्हाही हरतच होते ना. मी तिला सांगायचे. ती म्हणायची, जिंकले की आधी मला सांग.”

मामांना हे माहीत नव्हतं. पाटातून कधीतरी हे पाणी त्यांच्यापर्यंत यायचं राहून गेलं होतं. कॉल संपल्यावर त्यांनी तो काळा झालेला फोन धोतराच्या सोग्याने पुसला. मग म्हणाले, “जावईबापू, म्या पोरीला रडवून राह्यलो.”

मी म्हटलं, “मामा, टीम हरली. तुम्ही काय केलं?”

“तुम्ही ऐकलं न्हाई का देवघरात?” मामा म्हणाले. “ऐकलंच असंल. माझा आवाज असा.”

सातव्या सामन्याच्या सकाळी मी साहेबांना मामेसासऱ्यांची तब्येत बरी नाही असं कळवलं, आणि मामांकडे पाहून ते फारसं खोटंही वाटलं नाही. आंघोळ करून, ती पांढरी दाढी विंचरून मामा देवीपुढे उभे होते. या वेळी त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला दोनच शब्द कळले. “आई, संपव.”

दुकान बंद, म्हणून बियाण्याला आलेले चार-सहा शेतकरी घरीच आले आणि ओसरीत बसून राहिले. ठिपक्यांकडे बघत त्यांनी एकमेकांना काहीबाही समजावलं. एकाने विचारलं, “मामा, आपले कोनते?” मामा म्हणाले, “जिकडून पोरगी वरडती ते.” शेवटच्या काही क्षणांत घुबडं एका गोलाने पुढे होती आणि लाल ठिपके पाटलाच्या दारावर तुटून पडले होते. बबी ओरडायचीसुद्धा थांबली. मामांनी माझं मनगट धरलं होतं. बोटांची खूण दोन दिवस राहिली. मग भोंगा वाजला, तिकडे काहीतरी कोसळलं आणि आम्हाला एकदम पांढरं छत दिसायला लागलं. फोन पडला होता. छताला एक दिवा होता. कुठूनतरी बबीचा आवाज येत होता, “बाबा! बाबा, जिंकलो! बाबा!”

मग फोन उचलला गेला, आणि तो टीव्हीकडे वळला नाही. अख्ख्या मोसमात पहिल्यांदा बबी दिसली. कपाळावर पांढऱ्या बटा, डोळ्याखाली काळं, नाक लाल. तिकडे टीव्हीवर जल्लोष चालला होता, खेळाडू जिंकलेला चषक डोक्यावर घेऊन फिरवत असणार. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

“वाळलीस,” मामा म्हणाले.

“दाढी केवढी पांढरी झालीये तुमची.”

ओसरीतले शेतकरी माना पुढे काढून बघत होते. बबीने मनगटाने नाक पुसलं आणि विचारलं, “आता उद्या काय बघायचं, बाबा?”

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. फोन कुणाच्या हातात देता येईल का, असं पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“उद्या तू भाजी कर,” ते म्हणाले. “म्या बघतो.”

“भाजीत काय बघायचं?”

“मंग चकती तरी कुठं दिसली मला?”

बबी हसायला लागली, आणि हसता हसता तिचं पुन्हा रडणं सुरू झालं, आणि मी शेतकऱ्यांना चहा सांगायला म्हणून उठलो.

आता पेरण्या आटोपल्या आहेत. मामांनी दाढी काढली. मी अजूनही वाट वाकडी करून जातो, पण हल्ली मला जरा हळू पावलांनी शिरावं लागतं. तांब्याला टेकवलेल्या फोनमधे तिकडच्या संध्याकाळचा ओटा असतो आणि पाठमोरी बबी कांदा चिरत असते. मामा “तेल कमी” किंवा “झाकन ठेव” एवढंच म्हणतात. पुष्कळदा तेही म्हणत नाहीत. परवा मी गेलो तेव्हा तिचं जेवण झालं होतं. ती म्हणाली, “ठेवू का, बाबा? डोळे मिटताहेत.” मामा म्हणाले, “तू जाय, झोप. फोन ऱ्हाऊ दे तसाच जराशीक.” ती गेली. मी चहा घेतला, माझ्या गाडीची वेळ झाली, निघताना वळून पाहिलं. फोनमधे कुणी नव्हतं. धुऊन पालथं घातलेलं एक पातेलं होतं आणि ओट्यावरचा बारका दिवा जळत होता, आणि मामा मांडी घालून, चहा तसाच ठेवून, त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत बसले होते.